डावीकडची किल्ली

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. 'जुना' हा शब्द मी आपणहून सांगून टाकतो, कारण दुसऱ्याने म्हटला की तो मला अजून लागतो. माझा रंग काळा, डोक्यावरची पट्टी जाड, आणि कानांवर बसणाऱ्या माझ्या दोन्ही वाट्या पाठीमागून बंद. काही हेडफोनांची पाठ जाळीची असते. त्यांच्यात काय वाजते आहे ते शेजारच्यालाही ऐकू जाते. आमचे तसे नाही. आतले बाहेर जात नाही आणि बाहेरचे सहसा आत येत नाही. सध्या मी एका खणात पडून आहे. शेजारी माझा धाकटा भाऊ आहे. आमच्या दोघांच्या आवाजाची तुलना हीच माझी सगळी गोष्ट. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका लांबट पांढऱ्या खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसून काम करत. एकीने माझ्या वाटीत पातळ पडदा बसवला. तो इतका नाजूक होता की बसवताना तिने श्वास रोखून धरला होता. दुसरीने तार जोडली, तिसरीने गाद्या चढवल्या. शेवटी एका पोक्त बाईने मला डोक्यावर घालून एक लांब सूर ऐकला. मग तिने मला उलटा घातला, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर, आणि तोच सूर पुन्हा ऐकला.

"दोन्ही बाजू सारख्या," ती शेजारणीला म्हणाली. "कानावर विश्वास ठेवावा गं, पण उलटा घालून बघितल्यावर. मंदपणाने बाजू बदलली तर तो हेडफोनचा, नाही बदलली तर आपला."

मुलांनो, एवढे वाक्य लक्षात ठेवा. मी ते कधी विसरलो नाही.

दुकानात मी काचेच्या कपाटात बरेच दिवस काढले. येणारे लोक मोठमोठ्याने गाणी लावून बघत आणि मान डोलावत निघून जात. मग एक दिवस ताई आली. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. दुकानदार नेहमीप्रमाणे गाणे लावू लागला, तेव्हा तिने त्याला थांबवले आणि पिशवीतून स्वतःचे छोटे रेकॉर्डिंगचे यंत्र काढले.

"यात किल्ल्या आहेत," ती म्हणाली.

"किल्ल्या?"

"आमच्या आईचा जुडगा. माईकसमोर हलवला आणि रेकॉर्ड केला. मी तेवढंच ऐकते."

"अहो ताई, लोक गाणी लावून बघतात."

"गाण्यात खोट लपते हो. किल्ल्यांत नाही लपत."

त्या जुडग्यात दाराची जाड लोखंडी किल्ली होती, कपाटांच्या मध्यम चणीच्या होत्या, आणि एक होती अगदी छोटी, पितळी, कुठल्याशा खणाची. ती सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांत बारीक वाजायची. ताईने दुकानातले हेडफोन एकामागून एक घातले आणि काढून ठेवले. माझी पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटले.

"आली," ती म्हणाली. "दोन्हीकडे आली."

काय आले ते दुकानदाराला कळले नाही. त्याने मान मात्र हलवली आणि मला खोक्यात भरले.

ताईच्या घराच्या मागच्या खोलीत तिचे कामाचे टेबल होते. खोलीला लागून एक अडगळीची कोठी होती. तिच्या भिंतींना जुन्या रजया ठोकून ताईने तिथे आवाज मुद्रित करायची जागा केली होती. कोठीत बसून मास्तर पुस्तके वाचत. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. आवाज भरदार, स्वभाव जरा मानी. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा मुलांसाठी ही बोलकी पुस्तके तयार व्हायची. मास्तर वाचायचे आणि ताई त्यांच्या वाचनाची झाडलोट करायची. खुर्चीची कुरकुर, ओठांचा चुटचुट आवाज, पान उलटल्याची सळसळ, 'स' म्हणताना निसटलेली शिट्टी, हे सगळे ती माझ्यातून ऐकून तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायची.

"मास्तर, दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही पाय घासलात."

"पाय? माझ्या पायात मोजे आहेत, ताई."

"तो मोजाच ऐकू आला मला."

मास्तर कोठीत मोठ्याने हसत, आणि ते हसणेही मग तिला कापून काढावे लागे. असा तिचा कान तिखट होता. काम देणाऱ्या संस्थेतले लोक म्हणत, ताईकडून आलेले पुस्तक तपासायची गरज नसते. ती मात्र श्रेय मला द्यायची. "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असे म्हणून मला खुंटीवर ठेवताना गाद्यांवरून मऊ फडके फिरवायची. खोटे कशाला बोलू, मी त्या वेळी फुगून गेलो होतो. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ती माझ्यातून किल्ल्या ऐकायची, आणि छोटी किल्ली वाजली की खुर्ची पुढे ओढायची. आमचा दिवस असा सुरू व्हायचा.

पुढच्या खोलीत तिची आई असायची. आईला ऐकू कमी यायचे. तिच्या मते मात्र तसे काही नव्हते.

"मला चांगलं ऐकू येतं," ती म्हणायची. "तुम्हीच सगळे पुटपुटता."

नळ वाहत राहायचा, दारावरची घंटा वाजून वाजून थकायची, आणि आई शांतपणे खिडकीत बसलेली असायची. कधी तिचा तो जुडगा हातातून पडे आणि ती तशीच पुढे निघून जाई. मग मागच्या खोलीतून ताई माझी एक वाटी सरकवून ओरडे, "आई, किल्ल्या पडल्या!" बंद दाराआडून, कानावर माझ्यासारखा पहारेकरी असताना तिला ते ऐकू येई. एखाद्या दिवशी ती चिडे. "किती ओरडायला लावतेस गं! घसा बसतो माझा."  आई पदराने चष्मा पुसत बसायची.

अशी काही वर्षे गेली. ती माझी चांगली वर्षे.

मग एका सकाळी किल्ल्या वाजल्या आणि ताईने खुर्ची पुढे ओढली नाही. तिने पुन्हा ऐकल्या. माझी वायर हलवली, पिन काढून पुसली, डावी वाटी कानावर दाबून धरली.

"डावीकडे छोटी येत नाहीये," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, ती येत होती हो! माझ्या डाव्या पडद्यावर ती पितळी किल्ली पहिल्या दिवसासारखीच स्वच्छ वाजत होती. आणि एक बाजू मंद वाटली की हेडफोन उलटा घालून बघायचा, हे या धंद्यातले पहिले शहाणपण. ताईने स्वतः ते कितीजणांना शिकवले होते. त्या सकाळी तिने मला उलटा घातला नाही. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "याचा डावा गेला."

मी यावर खूप विचार केला आहे. खणात दुसरे काम काय? ज्याचा कान हेच ज्याचे सगळे भांडवल, तो कानावर संशय घेत नाही. आधी वायर बिघडते, मग हेडफोन बिघडतो. कानाची पाळी फार उशिरा येते.

चार दिवसांनी धाकटा घरात आला. तोच कारखाना, तोच साचा, तीच जाड पट्टी, तशाच बंद वाट्या. अंधारात हात लावला तर आम्हाला घडवणारी बाईसुद्धा फसली असती. फरक होता तो आतल्या पडद्यात, आणि त्यावर बसवलेल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकतीत. माझी चकती जाड, त्याची पातळ.

ताईने आम्हा दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मास्तरांचे वाचन लावले. आधी मी, मग तो, मग पुन्हा मी. आमच्यातला फरक मी प्रामाणिकपणे सांगतो. माझ्यात मास्तरांचा आवाज छातीतून येत असे, भरलेला आणि जवळचा. धाकट्यात तो थोडा वर सरकून घशाशी येई. माझ्यात 'स' मऊ होता, त्याच्यात 'स' ला धार होती. पान उलटल्याचा आवाज माझ्यात धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखा, त्याच्यात नव्या कडक चादरीसारखा. तासन्‌तास ऐकायला मी बरा, कचरा शोधायला तो बरा. कोणताही नीट कान म्हणाला असता, दोघेही चांगले, ज्याचे त्याचे काम वेगळे.

शेवटी किल्ल्या लावल्या. धाकट्याचा वरचा आवाज मुळातच चढा, म्हणून त्याच्यात ती छोटी किल्ली जास्त जोरात वाजली. ताईच्या डाव्या कानापर्यंत ती कशीबशी पोचली असावी.

"हा स्वच्छ आहे," ताई म्हणाली. "जुना पार झाकोळलाय."

निकाल लागला. कानामागून आला आणि तिखट झाला, म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवले. धाकटा माझ्या खुंटीवर गेला आणि मी कोठीत मास्तरांच्या डोक्यावर. वाचताना स्वतःचा आवाज ऐकायला त्यांना काहीतरी हवेच होते. मला धाकट्याचा राग आला, लपवत नाही. त्याच्याहून वरचढ ठरावे अशी माझी इच्छा नव्हती. ताईने एकदा, फक्त एकदाच, पुन्हा तुलना करावी आणि म्हणावे, 'दोन्ही सारखेच आहेत,' एवढेच मला हवे होते. तेवढ्या एका वाक्याच्या आशेवर मी त्या कोठीत राहिलो.

मास्तरांनी माझ्यासाठी एकदा शब्द टाकलाही.

"ताई, हा तर ठणठणीत आहे की! डावीकडून मला माझी कवळी वाजताना ऐकू येते."

"मास्तर, तुमची गोष्ट वेगळी. माझं काम बारीक आहे," ताई म्हणाली आणि विषय बदलला. मास्तर भुवया उंचावून पुन्हा वाचायला लागले. कोठीच्या छोट्या काचेतून मला तिचे टेबल दिसायचे. रोज सकाळी ती धाकट्यातून किल्ल्या ऐकायची. दर महिन्याला आवाजाचे बटण आदल्या महिन्यापेक्षा जरा पुढे सरकलेले असायचे.

मग पुस्तके परत येऊ लागली. असे पूर्वी कधी झाले नव्हते. संस्थेतल्या बाईंचा फोन आला. आता ताई फोनचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा ठेवत असे, म्हणून तो मीही ऐकला.

"ताई, मुलं म्हणतात, आवाज टोचतो. 'स' आला की कानातून हेडफोन काढून ठेवतात. असं का होतंय?"

झाले होते असे, की बारीक आवाज स्वतःला ऐकू यावेत म्हणून ताई ते यंत्रावर वाढवत होती. तिला जे पुरेसे वाटे, ते दुसऱ्याच्या कानाला सुईसारखे लागे. मास्तरांनी स्वतःचे वाचन ऐकायला मागितले आणि ते बिचारे लालबुंद झाले.

"हा माझा आवाज? मी असा चिरका कधीपासून झालो?"

"मास्तर, तुम्ही हल्ली नीट उच्चारतच नाही," ताई तडकून म्हणाली. "सारखे पुटपुटता. मग मला वाढवावं लागतं."

 मास्तरांनी पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. हे वाक्य त्या घरात कोण बोलते ते त्यांना माहीत होते, आणि मलाही. त्या दिवशी दुपारी आई चहा घेऊन आली. चहा ठेवून वळताना तिचा जुडगा पडला. मधल्या दाराशी, ताईच्या खुर्चीच्या मागेच. आई निघून गेली. ताई संगणकाच्या पडद्यावर बघत बसली होती, धाकटा तेव्हा टेबलावर होता, तिचे कान मोकळे होते. तिने मान वळवली नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि किल्ल्यांना ओलांडून नळाकडे गेली. मास्तरांनी कोठीतून बाहेर येऊन तो जुडगा उचलला आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला.  तिने किल्ल्यांकडे पाहिले, मग दाराकडे, मग मास्तरांकडे.

"आत्ता पडल्या?" तिने विचारले.

"हो, ताई."

 मग तिने धाकट्याला उचलून कानांवर घातले आणि किल्ल्यांचे रेकॉर्डिंग लावले. मग काढून उलटा घातला. मास्तरांना सांगून कोठीतून मला आणवले. मला सरळ घातला, मग उलटा घातला. मी उलटा झालो, पण मंदपणा तिथेच राहिला, डाव्या बाजूला. आता उजवीकडेही तो सुरू झाला होता.  माझा डावा गेला नव्हता हे त्या क्षणी सिद्ध झाले, आणि मित्रांनो, मला त्याचा कणभरही आनंद झाला नाही. माझा गेला असता तर किती बरे झाले असते, असे वाटले.

डॉक्टरांकडून ती परत आली तेव्हा आई मागच्या खोलीतच तिची वाट बघत होती.

"काय म्हणाले?"

"तुझ्यासारखंच," ताई मोठ्याने म्हणाली. मोठ्याने बोलावेच लागे. "कानाच्या आतलं बारीक बारीक झडतं म्हणे. घराण्यातनं येतं. औषध नाही."

"आधी गेली असतीस तर?"

"तरी काही झालं नसतं. विचारलं मी."

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्याकडून घ्यायला दुसरं काही नव्हतं का गं तुला?" ती म्हणाली. ताईने तिला दोनदा विचारायला लावले, आणि ऐकू आल्यावर आईच्या पोटाशी डोके खुपसून रडली. मी टेबलावर होतो. माझी पाठ बंद असली तरी असले आवाज आत येतातच.

कानात घालायचे यंत्र आणले. त्याने तिला बोलणे कळू लागले, दारावरची घंटा कळू लागली. पण कामासाठी आम्ही कानावर बसलो की आमच्या बंद वाटीत ते यंत्र कोंडले जाई आणि शिट्टी घालू लागे. यंत्र काढले तर ऐकू येईना, ठेवले तर शिट्टी थांबेना. ताईने सगळे करून पाहिले. गाद्यांखाली कापड घातले, वाटी कानापासून बोटभर लांब धरली. काही उपयोग झाला नाही. मास्तर कोठीत येऊन बसत आणि न वाचता परत जात. मग त्यांचे येणेही कमी झाले.

अखेर संस्थेने काम दुसऱ्या बाईकडे सोपवले. ती तरुण बाई माईक आणि यंत्रे न्यायला घरी आली. बोलायला मऊ होती. तिने आम्हा दोघांना आळीपाळीने घालून मास्तरांचे जुने वाचन ऐकले. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले, तिला आमच्यातला फरक कळतो आहे.

"ताई, यातला कोणता चांगला?" तिने जवळ येऊन, ताईच्या तोंडासमोर उभे राहून विचारले. "तुम्ही सांगाल तो घेऊन जाते."

ताईने कानातले यंत्र काढून ठेवले. तिने धाकट्याला घातले आणि किल्ल्या लावल्या. मग मला घातले. खूप दिवसांनी मी तिच्या कानांवर होतो. ती कानात प्राण आणून ऐकत होती, डोळे मिटून, दुकानातल्या त्या दिवसासारखी. मी माझे सगळे बळ लावले. जाड किल्ली वाजली, मधल्या वाजल्या, छोटी वाजली. दोन्हीकडे वाजली. ताईने डोळे उघडले आणि मला हळूच काढले.

"दोन्ही सारखेच आहेत," ती म्हणाली.

इतकी वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली ते मला मिळाले. त्या तरुण बाईने मान खाली घातली. माझ्याकडे माझा आहे, असे काहीतरी ती म्हणाली आणि आम्हाला न घेताच गेली.

ती गेल्यावर ताईने आम्हाला फडक्याने पुसले, वायरी गुंडाळल्या आणि कपाटातल्या या खणात शेजारी शेजारी ठेवले. आईकडून जुडगा मागून घेतला आणि खण बंद केला. ती छोटी पितळी किल्ली याच खणाची आहे, हे मला तेव्हा कळले. कुलपातून निघताना ती बाकीच्या किल्ल्यांवर आपटून वाजली. मी ऐकली, धाकट्यानेही ऐकली. बाहेर ताई पावले टाकत निघून गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची रीत आहे. माझ्याकडची फार उपयोगाची नाही. तुमच्या घरात कोणी 'तुम्ही पुटपुटता' म्हणाले तर चिडू नका. जवळ जा आणि पुन्हा सांगा. आणि एखाद्या दिवशी एक बाजू मंद वाटली, तर हेडफोनला नावे ठेवण्याआधी त्याला एकदा उलटा घालून बघा. त्याने कान परत येत नाहीत. ताईचे आले नसतेच, डॉक्टरांनी तसे सांगितले होते. पण त्या पहिल्या सकाळी तिने मला उलटा घातला असता, तर तिला ऐकू येत होते ते शेवटचे दिवस मी तिच्या कानांवर काढले असते.